हरलेल्याचा पहिला मान

अख्ख्या नांदेडात माणसाच्या तोंडाकडे न बघता आयुष्य काढलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. ते माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. मुन्सिफ कोर्टात पेशकार होते. निजामाच्या राज्यात पेशकार म्हणजे न्यायाधीशाच्या शेजारी बसून मुकदमे पुकारणारा आणि तारखा देणारा इसम. त्यामुळं लोक मुन्सिफसाहेबांना वाकून सलाम करायचे आणि पेशकारांना त्याहून थोडं जास्त वाकून. आतोबा सलाम घ्यायचे, पण नजर सलाम करणाऱ्याच्या पायांवर. पोटरी कशी आहे, टाच उचलून चालतो की घासत, पावलं आत वळतात की बाहेर, एवढं बघून झालं की त्यांच्या लेखी त्या माणसाची पुरी ओळख झाली. नाव, गाव, जात, तोंडावळा या गोष्टी ज्याला हव्या त्यानं विचाराव्यात. एकदा एका लग्नात खुद्द मुन्सिफसाहेब गादीवर मांडी घालून, पायांवर शाल पांघरून बसले होते. आतोबा त्यांच्या शेजारी बराच वेळ बसले, पान खाल्लं, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि शेवटी अदबीनं विचारलं, "आपलं गाव कोणतं म्हणायचं?" साहेब रागानं उठून चालायला लागले तेव्हा कुठं यांना ओळख पटली.

या सगळ्याच्या मुळाशी होता फुटबॉल. नांदेडच्या संघाचे ते कर्तेधर्ते होते. कुणी त्यांना नेमलं होतं असं नाही. घरात जसा एखादा काका सगळ्या लग्नांत पुढं होतो आणि मग त्याला कुणी विचारत नाही, तसं झालं होतं. स्वतः त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही. एकदा चेंडू मैदानाबाहेर घरंगळत त्यांच्या खुर्चीशी आला. अंगात शेरवानी, डोक्यावर रुमाल, अशा थाटात ते उठले, चेंडू दोन्ही हातांनी उचलला, फुंकर मारून त्याची धूळ झाडली आणि कोर्टात मुद्देमाल द्यावा तसा पंचाच्या हवाली केला. पुन्हा बसले.

मी त्या संघात गोलकीपर होतो. माझ्या खेळाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, बाकीचे बरंच बोलत. आतोबांच्या बायकोचा भाचा, एवढ्या गुणावर माझी नेमणूक झाली होती, आणि गोलात उभं राहायला दुसरं कुणी राजी नव्हतं हेही खरं. पण गोलात उभ्या माणसाला एक सुख असतं. सगळा खेळ त्याच्या तोंडासमोर चालतो आणि बाजूला खुर्चीवर कोण काय करून राहिलंय तेही दिसतं. म्हणून मी हे सांगू शकतो.

माणसं गोळा करायची त्यांची तऱ्हा न्यारी. माझ्या थोरल्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा बघायला वडीलधारी म्हणून आतोबांना नेलं. बाकीच्यांनी शेती विचारली, शिक्षण विचारलं. आतोबा म्हणाले, "जरा विहिरीपर्यंत जाऊन या." मुलगा गेला, आला. "आता जरा पळत." मुलाच्या बापाला वाटलं, आपलं पोरगं लंगडं आहे असा यांना संशय, तो तापला आणि म्हणाला, "पळ रे, चांगला पळ, वाड्याला फेरी मार." भर दुपारी नवरदेव धोतर खोचून धावले. परत येताना बैलगाडीत माझ्या वडिलांनी विचारलं, "काय मत?" आतोबा म्हणाले, "स्थळ उत्तम आहे. फक्त लेफ्ट आउटशिवाय कुठं चालायचा नाही." लग्न झालं, आणि आमचे दाजी पुढं कायम लेफ्ट आउटलाच, म्हणजे डाव्या कडेला, खेळले. दुसऱ्या एकाला तर त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून उचलला. कोंबडीचोरीचा मामुली मुकदमा होता, पण पोलिसानं जबानीत सांगितलं की आम्ही तिघं या इसमामागं नदीच्या वाळूत धावलो आणि हा कोंबडीसकट आम्हाला सापडला नाही. आतोबांची लेखणी थांबली. "कोणत्या बाजूनं पळाला? उजव्या की डाव्या?" त्यांनी विचारलं. पोलीस म्हणाला, "उजव्या." तो माणूस सुटून आला त्या दिवशी आतोबा दाराशी उभे होते. आमचा राइट आउट तो हाच. त्याच्यापुढं कुणी कोंबड्यांचा विषय काढायचा नाही, असा संघाचा दंडक होता.

घरी जेवायला बसले तरी डोक्यात तेच. ताटात मीठ म्हणजे मी. दोन भाज्या दोन फुल बॅक. चटणी, कोशिंबीर, पापड, कुरडई अशी सगळी फळी मांडून व्हायची आणि मध्यभागी लिंबाची फोड. ही फोड म्हणजे सेंटर हाफ. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो, सेंटर हाफ म्हणजे मैदानाच्या मधोमध उभा असणारा माणूस. मागून आलेला चेंडू त्यानं घ्यायचा आणि पुढं कुणाला द्यायचा ते ठरवायचं. तो चुकला की बाकीचे सगळे नुसते पळतात. आता गंमत अशी, की आतोबा मीठ खात, भाज्या खात, पापड मोडत. पण लिंबाला हात लावत नसत. वरण तसंच बिनलिंबाचं जेवत. "सेंटर हाफ पिळायचा नसतो," म्हणायचे. आत्या रोज ती फोड उचलून ठेवायची आणि रोज म्हणायची, "जेवायला बसलात का टीम बसवायला? बाजारात लिंबू फुकट मिळून राहिलं जणू."

हे लिंबू ज्याच्या नावाचं, तो दस्तगीर मणेर. बांगड्यांचा त्याचा धंदा. पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार फिरायचा आणि आत्याच्या लग्नातला चुडादेखील त्यानं, म्हणजे त्याच्या बापाबरोबर येऊन, भरला होता. आत्याला तो अक्का म्हणायचा. बाईचा हात आपल्या हातात घेऊन, अंगठा दाबून, "हात सैल सोडा, अक्का" एवढं म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची, कळायचंसुद्धा नाही. मैदानावरही त्याचं तेच. धसमुसळेपणा नाही, आरडाओरडा नाही. गर्दीत तुडवला गेलेला चेंडू त्याच्या पायाशी आला की जरा विसावायचा, आणि मग जिथं कुणी नाही अशा जागी जायचा, आणि बघावं तर तिथं आपला माणूस पोचलेला असायचा. नव्या पोरांना तो म्हणायचा, "पाय सैल छोड मियाँ, चेंडू कुठं पळून नाही जाता." आतोबा जगात एकाच माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत, तो हा दस्तगीर.

आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चेंडू गिळते, म्हणून खेळ दसऱ्याला सुरू व्हायचा आणि होळी पेटली की थांबायचा. शेवटचा सामना नेहमी लातूरशी. आणि त्यानंतर, अक्षय तृतीया झाली की, दोन्ही गावचे लोक कंधारला तळ्याकाठच्या आमराईत जमायचे. कंधार दोघांच्या मध्ये पडतं म्हणून. उमरी, माहूर, उदगीर, देगलूर अशा ठिकाणची खेळणारी पोरं तिथं यायची. सकाळी त्यांचा खेळ बघायचा, मग जेवणं, मग ती पोरं झाडाखाली रांगेत बसायची, आणि नांदेडनं एक, लातूरनं एक, असं आळीपाळीनं निवडायचं. ज्याला निवडलं त्याच्या खांद्यावर शेला टाकायचा. एकदा शेला पडला की तो माणूस वर्षभर त्या गावचा. सोयरीक मोडेल पण हे मोडायचं नाही. आणि सगळ्यात जुना कायदा असा, की वर्षाचा सामना जो हरला त्याचा पहिला मान. हरलेल्यानं आधी उठायचं आणि रांगेतला सगळ्यात चांगला गडी उचलायचा. कुण्या शहाण्यानं हे घालून दिलं माहीत नाही, पण त्यामुळं दोन्ही गावं एकमेकांना कायमची चिरडू शकली नाहीत. आणखी एक होतं. जुना खेळाडू आपणहून रांगेत येऊन बसला तर आधीच्या गावाचा त्याच्यावरचा हक्क संपला. कुणाला बस म्हणायचं नाही, बसू नको म्हणायचं नाही.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली आम्ही लातूरकडून हरलो. हरलो ते दस्तगीरच्या गुडघ्यामुळं. अर्धा खेळ झाल्यावर त्याचा डावा पाय मुडपला, तरी तो बाहेर गेला नाही. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि चेंडू त्याच्या हातभर अंतरावरून जात राहिले. चार दिवसांनी संघातले लोक आतोबांच्या ओट्यावर आले. दाजी पुढं झाले. "आतोबा, वाईट वाटून घेऊ नका, पण दस्तगीरचा गुडघा गेला. पहिला मान आपला आहे. या टायमाला सेंटर हाफच घ्या." आतोबांनी मुन्सिफसाहेब मिटतात तसे डोळे मिटले आणि म्हणाले, "फैसला महफूज." म्हणजे निकाल राखून ठेवला. कोर्टात हे शब्द ऐकले की पक्षकार उठून घरी जातात. आमचेही गेले.

मग तो उन्हाळा. अंगणात त्यांचा मुकदमा सुरू झाला. तुळशीपासून रांजणापर्यंत जाताना ते दस्तगीरचे वकील असायचे, आणि रांजणाकडून परत येताना नव्या पोराचे. जाताना आवाज मऊ, येताना कडक. "याची इतक्या सालांची चाकरी," असं जाताना. "चाकरीनं गोल होत नाहीत," असं येताना. आत्या म्हणाली, "काय करून राहिलात हे? शेजारणी विचारून राहिल्या, पाहुणे आले का म्हणून." त्यातच ती नवसाला म्हणून त्यांना माहूरला घेऊन गेली. ती देवीच्या दारात उभी, आणि हे पायऱ्यांवर थबकलेले. प्रसादाच्या दुकानातलं एक अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं नारळाचं पोतं घेऊन पायऱ्या चढत होतं. एक नारळ निसटून गडगडत खाली चालला, तर त्यानं वळून, पोतं तसंच खांद्यावर ठेवून, पायानं तो नारळ असा उडवला की वरच्या दुकानदाराच्या ओट्यावर जाऊन पडला. रेणुकदास त्याचं नाव. आतोबा तिथंच बसले. आत्या दर्शन करून, ओटी भरून परत आली तरी हे त्याच्या पोटऱ्या बघतच होते. "देवीला तोंड दाखवायला आलात का त्या पोराच्या पायाला?" असं ती म्हणाली ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. कंधारला या म्हणून त्याला सांगून आले.

घरी आल्यावर त्यांचं दस्तगीरपुढं जाणं बंद झालं. लग्नसराई होती, तो बांगड्या भरायला आमच्याकडं आला, तर आतोबा जे देवघरात शिरले ते बाहेर येईनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एवढी लांब पूजा केली. ओसरीवर आत्यानं दस्तगीरला विचारलं, "गुडघा कसा हाय रे?" तो म्हणाला, "बरा हाय अक्का. साबला सांगा, एकदम बरा हाय." मग गाठोडं बांधून तो उठायला लागला आणि उठताना त्यानं खांब धरला. देवघराचं दार बोटभर उघडं होतं. त्या फटीतून आतोबा त्याच्या पायाकडं बघून राहिले होते, हे मी पाहिलं. आत्यानं निरगुडीचा पाला बांधून दिला आणि शेकायला सांगितलं. तो गेला तशी देवघराकडं बघून म्हणाली, "निघा बाहेर. देवबी कंटाळले असतील."

कंधारला गेलो. रेणुकदास आला होता, आणि सकाळच्या खेळात त्यानं सगळ्यांना उडवून लावलं. कुठं मारावं याची अक्कल नव्हती, पण दम असा की बघणारे दमले. लातूरचे म्होरके तिथले एक मोठे आडतवाले शेटजी. गोड बोलणारे, पोट सांभाळत चालणारे, पण माणसाची पारख पक्की. तेही म्हणाले, "पेशकारसाहेब, यंदा मान तुमचा, काय बोलावं." जेवणं झाली. पोरं रांगेत बसायला लागली. आणि त्या पोरांच्या शेवटी, गाठोडं शेजारी ठेवून, डावा पाय लांब करून, दस्तगीर येऊन बसला. ऐन लग्नसराईत धंदा सोडून तो कंधारला कधी येत नसे. आतोबा जागेवरूनच म्हणाले, "दस्तगीर, तिकडं का बसलास?" असं विचारणंसुद्धा कायद्यात बसत नव्हतं, पण कुणी हरकत घेतली नाही. दस्तगीर हसला. "बैठा सो बैठा, साब. आपका मान हय, उठो."

आम्हाला सगळ्यांना कळलं. आतोबांच्यानं त्याला 'जा' म्हणवणार नव्हतं, म्हणून तो आपणच निघून आला होता. आतोबा उठले. हातात शेला. पाय त्यांचे दस्तगीरकडं वळले होते, हे मी शपथेवर सांगतो, कारण पायांकडं बघायला मीही त्यांच्याकडूनच शिकलो. तेवढ्यात दस्तगीरनं मान न हलवता नुसते डोळे रेणुकदासकडं फिरवले. मैदानात तो असाच करायचा. त्याचे डोळे जिकडं वळतील तिकडं चेंडू जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. आतोबांनाही ठाऊक होतं. त्यांनी शेला पोराच्या खांद्यावर टाकला आणि परत येऊन बसले. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग शेटजी उठले. समोर उदगीरचे दोन धिप्पाड गडी बसले होते, देगलूरचा एक होता. शेटजी पोट सांभाळत त्यांच्यापुढून गेले, रांगेच्या शेवटी थांबले, वाकले, आणि आपला शेला दस्तगीरच्या खांद्यावर दोन्ही हातांनी नीट बसवला. "मास्टर," ते म्हणाले, "लातूरला जरा शिकवा."

उन्हाळाभर अंगणात चाललेल्या त्या मुकदम्यात आतोबा दोन्ही बाजूंचे वकील होते, साक्षीदार होते, मुन्सिफही होते. दस्तगीरला ठेवायचं की काढायचं, एवढंच ते भांडत राहिले. काढला तर तो दुसऱ्या कुणाला हवा असेल, हे पेशकारकीत केस पांढरे केलेल्या माणसाच्या मनात आलंच नव्हतं. सरकारी मोटारीत ते खिडकीशी बसले आणि नांदेड येईस्तोवर एकच वाक्य बोलले. "तो घरीच राहील असं मी धरून चाललो होतो." आत्याला दाजींनी सगळं सांगितलं. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "घरचं माणूस रांगेत बसूस्तोवर गप राहिलात व्हय?" त्या रात्री ताटात लिंबाची फोड नव्हती, आणि ती का नाही हे आतोबांनी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर दस्तगीर गाठोडं घेऊन लातूरला चुलतभावाकडं राहायला गेला. इकडं रेणुकदास आमच्या मैदानात उधळला. चेंडू त्यानं कुठं कुठं मारला ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. एक तर थेट गोदावरीत गेला आणि आमचा राइट आउट जुन्या सवयीनं वाळूतून पळत जाऊन घेऊन आला. आतोबा पोराला जीव लावत होते, नाही असं नाही. त्याला गूळ-शेंगदाणे द्यायचे, समोर बसवून ताट मांडून शिकवायचे. पण मध्यभागी काही ठेवायची वेळ आली की हात थांबायचा, आणि मग ते एखादा शेंगदाणा ठेवायचे. पोरगं तो खाऊन टाकायचं. आत्याच्या हातातल्या बांगड्या त्या हिवाळ्यात एकेक करून पिचत गेल्या, दोन-दोनच उरल्या. दुसरा मणेर दारात आला तर म्हणाली, "न्हाई, आमचा माणूस गावाला गेलाय." आतोबांनी ते आतून ऐकलं.

होळीआधी लातूरचा संघ आमच्या मैदानात उतरला. मधोमध दस्तगीर. तो पळालाच नाही. पळताच येत नव्हतं त्याला. चौकातल्या पिंपळासारखा उभा राहिला आणि सगळी रहदारी त्याच्याभोवती चालली. रेणुकदास त्याच्यावर दहादा धावून गेला. दरवेळी चेंडू नुकताच गेलेला असायचा आणि दस्तगीर त्या पोराच्या पाठीवर थाप मारायचा. खेळ संपत आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणजे मला वाटलं माझ्याकडं. मी उजवीकडं सरकलो आणि चेंडू डावीकडं, जिथं कुणी नव्हतं, तिथं गेला; तिथं लातूरचं एक शेंबडं पोरगं पोचलेलं होतं, त्यानं नुसता पाय लावला. सगळं मैदान चिडीचूप. आणि त्या शांततेत आमच्याच बाजूच्या खुर्चीतून एक माणूस शेरवानी सावरत उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. "वा दस्तगीर," आतोबा म्हणाले, "वा रे माझ्या बहाद्दरा." नांदेडचे लोक त्यांच्याकडं बघत होते. दाजी पाडव्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

घरी जाताना ते झपझप चालत होते. मी म्हणालो, "आतोबा, हरलो आपण." "हरलो तर," ते म्हणाले. मग थोडं पुढं गेल्यावर, "हरलेल्याचा पहिला मान असतो," एवढंच म्हणाले. मी गोलातून किती मूर्ख दिसलो असेन या विचारात होतो, म्हणून माझं तिकडं लक्ष गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात अंगणात मुकदमा चालला नाही. आतोबा नुसतेच ओट्यावर बसायचे. दस्तगीर रांगेत येऊन बसेल की नाही, हा एकच प्रश्न होता आणि तो कुणाला विचारायचा नव्हता. निरोप धाडायचा नव्हता. लातूरला त्याचा मान होता, शेटजी त्याला मास्टर म्हणत होते; तो का म्हणून यावा? एकदा मला म्हणाले, "न आला तर?" मी म्हणालो, "न आला तर देगलूरचा फुल बॅक घेऊ." त्यांनी माझ्याकडं, चक्क माझ्या तोंडाकडं, अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. कंधारला निघताना आत्यानं पेटीतला तिच्या भावाच्या लग्नातला जरीकाठी शेला काढून त्यांच्या हाती दिला.

आमराईत देगलूरचा गडी आला होता, बुरुजासारखा. दाजी आतोबांच्या कानाशी लागले, "हाच. दुसरा कुणी बघू नका." जेवणं झाली. रांग बसली. दस्तगीर नव्हता. आतोबांनी शेला मांडीवर घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडली. शेटजी म्हणाले, "उठा पेशकारसाहेब." आतोबा म्हणाले, "जरा थांबा, ऊन उतरू द्या." ऊन काही उतरत नव्हतं. तेवढ्यात तळ्याच्या बाजूनं एक माणूस काठी टेकत येताना दिसला. चेहरा दिसत नव्हता इतक्या लांब, पण आतोबांना चेहऱ्याची गरज कधीच नव्हती. ते उभे राहिले. दस्तगीर आला, काठी आडवी ठेवली आणि रांगेच्या शेवटी बसला. काठीकडं बघून सगळे समजून चुकले, की हा माणूस आता खेळायचा नाही.

आतोबा रांगेपुढून चालत गेले. देगलूरच्या गड्यानं खांदा पुढं केला होता, तो तसाच राहिला. शेवटी जाऊन त्यांनी आत्याचा शेला दस्तगीरच्या खांद्यावर टाकला आणि वर दोन्ही हात ठेवून तसेच उभे राहिले. दाजींना राहवलं नाही. "आतोबा, हा पळणार कसा?" आतोबा मागं न बघता म्हणाले, "पळायला तुम्ही दहा जण आहात." दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कायकू साब," तो म्हणाला, "मान वाया घालवला तुम्ही." आतोबा म्हणाले, "मागल्या साली घालवला होता." शेटजींनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

ते कंधारचं शेवटचं जमणं ठरलं. पुढं निजामाच्या राज्याचे ते शेवटचे, वाईट दिवस आले. मैदानावर चेंडू दिसेना, संध्याकाळी लोक दारं लावून घ्यायला लागले, आणि कोण कुठं गेलं याचा कुणाला पत्ता राहिला नाही. रेणुकदास माहूरला परतला. त्या शेल्यावर दस्तगीर एकही सामना खेळला नाही. पण गावातून कितीतरी माणसं गेली त्यात तो गेला नाही, आणि त्या दिवसांत त्याची घरची मंडळी कुठं राहत होती असं कुणी विचारलं तर आत्या सांगायची, "आमच्या मागल्या खोलीत. कुठं राहणार?" सगळं निवळल्यावर रोज संध्याकाळी तो ओट्यावर असायचा. आत्या दोन ताटं वाढायची. आतोबा आपल्या ताटात फळी मांडायचे, मध्ये लिंबाची फोड ठेवायचे, आणि दस्तगीर म्हणायचा, "बुढा हो गया साब. पिळून टाका आता." आतोबा डोळे मिटून म्हणायचे, "फैसला महफूज." आणि दोघं बिनलिंबाचं वरण जेवायचे.

आतोबा गेले त्या सकाळी दस्तगीर काठी टेकत आला. ओट्यावर बसला, त्यांच्या पायांकडं बघत. दहाव्या दिवशी बायका जमल्या, आत्याच्या बांगड्या फोडायच्या म्हणून. माजघरात वरवंटा आणून ठेवला होता. दस्तगीर दारातून म्हणाला, "फोडू नक्को. मी भरल्या, मी काढतो." एका म्हातारीनं असं कुठं असतं का म्हणून तोंड उघडलं, पण आत्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. ती उठून दारापाशी येऊन बसली आणि तिनं हात पुढं केला. दस्तगीरनं तो आपल्या हातात घेतला, अंगठा दाबला. "हात सैल सोडा, अक्का," तो म्हणाला. एकही बांगडी फुटली नाही. सगळ्या काढून झाल्यावर त्यानं त्या आपल्या जुन्या जरीकाठी शेल्यात बांधल्या आणि आत्याच्या मांडीवर ठेवल्या.